जिच्यासाठी लाँच थांबायची

बोरीवलीच्या जेट्टीवरून गोराईला जाणारी लाँच कुणासाठी थांबत नाही. नगरसेवक आला तरी नाही, वरात आली तरी नाही. दोर सुटला की सुटला. दर्शनासाठी मात्र ती थांबायची. दर्शना रस्त्याच्या टोकाला दिसली की लाँचवरचा दाजी हातातला दोर तसाच धरून उभा राहायचा, आणि आतले लोक कुरकुरण्याऐवजी सरकून तिला जागा करायचे. ती धावायचीही नाही. चालत यायची, हातातली पिशवी आधी कुणाच्या तरी मांडीवर ठेवायची आणि मग चढायची.

"तू धावत का नाहीस गं?" मी एकदा विचारलं.

"धावले तर दाजीला वाटेल, माझा त्याच्यावर भरवसा नाही."

असं उत्तर मला सुचायला अख्खी रात्र जाते, आणि सकाळी कागदावर लिहिलं की ते घोषणेसारखं दिसतं. म्हणून आधीच सांगून टाकते: मला दर्शनाचा हेवा वाटतो. वाटायचा नाही, वाटतो. कॉलेजात ती माझ्या बाकावर येऊन बसली तेव्हापासून वाटतो. त्यात मला लपवण्यासारखं काही दिसत नाही. तिच्याजवळ राहून हेवा न वाटणारा माणूस मला दाखवा, मी त्याच्यावर पत्रक काढते.

पत्रकं काढणं हा आमच्या घरचा धंदा नव्हे, पण आजार म्हणता येईल. बाबा कारखान्याच्या युनियनमध्ये होते. पाहुणा आला की 'बसा' म्हणण्याआधी खुर्चीवरचा गठ्ठा उचलावा लागायचा. कारखाना बंद पडला, गठ्ठे राहिले, आणि त्यांच्यावर बसून मी वाचायला शिकले. त्यामुळे मला माणसं दिसण्याआधी त्यांच्यावरचा अन्याय दिसतो. दर्शनाचं उलटं. तिला आधी माणूस दिसतो, आणि तो दिसला की बाकीचं ती विसरूनच जाते.

ती बुटकी, गोल चेहऱ्याची. आवाज मोठा, कारण समुद्राच्या कडेला सगळेच मोठ्यानं बोलतात. तिला एक सवय होती, कुठलीही वस्तू बोटाच्या पेरानं टकटक वाजवून बघायची. नारळ, कलिंगड, लाँचची फळी, माझी कवटी. मग कान जवळ नेऊन ऐकायची आणि मान हलवायची. काय ऐकलं ते कधी सांगायची नाही. आणि तिचं एक पालुपद होतं, "चूक असली तर सांगा हां." डोळ्यांच्या डॉक्टरकडे ती रिसेप्शनला होती. तिथे म्हाताऱ्या पेशंटना तारीख देतानाही हेच. "काकी, मंगळवारी या, चूक असली तर सांगा हां." तारखेत कसली चूक असणार? पण काकी खूश. काही काकी तर डोळे बरे झाल्यावरही फोन करायच्या.

मासे खाणाऱ्यांना घर नाकारणाऱ्या सोसायट्यांवर मी एक पत्रक लिहिलं होतं. मनापासून लिहिलं होतं. स्टेशनच्या पश्चिमेला उभी राहून वाटत होते. लोक ते घ्यायचे, चार पावलं जायचे आणि टाकायचे. मी वाकून उचलायचे, झटकायचे, पुढच्याला द्यायचे. दवाखाना सुटल्यावर दर्शना आली. तिनं माझ्या हातातला अर्धा गठ्ठा काढून घेतला.

"ओ काका! हे घ्या. माझ्या मैत्रिणीनं लिहिलंय, जेवणखाण सोडून. वाचा, आणि चूक असली तर येऊन सांगा हां."

काका हसला, घडी घालून खिशात ठेवलं. मागून येणाऱ्या बाईनं तर स्वतःहून हात पुढे केला. दर्शनाचा गठ्ठा संपला तेव्हा माझा तसाच होता. आणि थोड्या वेळानं तो काका खरंच परत आला.

"वाचलं," तो म्हणाला. "मुद्दा बरोबर आहे. पण तिसरा परिच्छेद फार लांबला. दमलो."

हे त्यानं दर्शनाला सांगितलं. मी शेजारीच उभी होते.

"सांगते हां तिला," दर्शना गंभीरपणे म्हणाली.

घरीही तेच. बाबा माझं लिखाण वाचतात ते लाल पेन्सिल घेऊनच. 'बरं आहे' हे शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकलेले नाहीत. दर्शना एकदा आमच्याकडे जेवायला आली. ताटावरून उठेपर्यंत बाबांनी आतून एक फोटो काढून आणला. कारखान्याच्या गेटवरची सभा, त्यात टेबलावर उभे राहिलेले माझे बाबा, हात वर, शर्टाची बाही फाटलेली. असा फोटो आमच्या घरात आहे हे मला माहीत नव्हतं.

"बाही कशी फाटली?" तिनं विचारलं.

आणि बाबा सांगू लागले. मी सगळ्या मागण्यांची यादी त्यांच्याकडून घोकून घेतली होती, बाहीचं कधी विचारलं नव्हतं.

आता केकचं.

दर्शनाची आई बोरीवलीच्या बाजारात मासे विकते. कोळणींची बाजारातली जागा आईकडून मुलीकडे नाहीतर सुनेकडे जाते. जागा रिकामी राहिली की तिच्यावर दुसऱ्या कुणाचा तरी पाट येतो आणि मग ती परत मिळत नाही. आईचं मनगट कामातून गेलं होतं, सुरमई कापताना कोयता निसटायचा. भाऊ बोटीवर, त्याचं लग्न व्हायचं होतं. म्हणजे दिवाळीनंतर पाटावर बसायचं ते दर्शनानं, असं घरात न बोलता ठरलेलं होतं.

"मला मासे विकायची लाज नाही," ती मला म्हणाली. "पण मला केक करायचाय. तू तुझी ती वाक्यं लिहितेस ना, तुझे कान लाल होतात. माझे ओव्हनसमोर होतात."

गोराईत तिच्या शेजारी ख्रिश्चन घरं. नाताळच्या आधी त्या घरांतून जो वास यायचा त्यानं तिला हे वेड लागलं होतं. मग तिनं बोरीवलीत हंसाबेनचा संध्याकाळचा क्लास शोधून काढला आणि मलाही ओढलं.

"चल ना यार. तुला संध्याकाळी एकटी सोडली तर तू भिंतीशी भांडशील."

हंसाबेन साठीच्या पुढच्या, पांढऱ्या साडीतल्या, सोसायटीच्या तळमजल्यावर राहणाऱ्या. स्वयंपाकघर मोठं, त्यात एक जाडजूड ओव्हन. केक सगळे बिनअंड्याचे. अंडं त्या उंबऱ्याच्या आत येत नसे, आणि हे सगळ्यांना पहिल्याच दिवशी हात जोडून सांगितलं जाई. हात जोडून सांगितलेल्या नियमाचं काय करायचं ते मला कळेना.

माझे केक मध्यभागी बसायचे.

"तू बॅटरशी भांडण करते, बेटा," हंसाबेन म्हणाल्या. "एका बाजूला फिरव ने. मारू नको त्याला."

दर्शनाचे फुगायचे. त्याच मैद्याचे, त्याच दह्याचे, त्याच ओव्हनमधले. बाहेर काढला की ती पेरानं टकटक करायची, कान लावायची, मान हलवायची. काही दिवसांत बाकीच्या बायकाही आपापले केक तिच्यापुढे आणून धरू लागल्या. "दर्शना, वाजव ना." मी माझा कधी धरला नाही.

हंसाबेनचे गुडघे दुखायचे. एका संध्याकाळी त्या खुर्चीवर बसल्या आणि सर्वांसमोर म्हणाल्या, "दिवाळीनंतर ही बॅच मी कोणाला तरी देणार. किचन माझा, ओव्हन माझा, शिकवणारी दुसरी." कोण ते बोलल्या नाहीत, पण बघितलं दर्शनाकडे. दर्शनानं त्या दिवशी भांडी घासताना दोन वाट्या फोडल्या. लाँचपर्यंत चालताना ती जेट्टीचा कठडा पेरानं वाजवत होती.

बॅच संपताना हंसाबेनची एक रीत होती. प्रत्येकीनं आपापल्या घरून एक वाटी मैदा आणायचा, सगळा एकाच परातीत चाळायचा, आणि त्याचा एकच मोठा केक करून सोसायटीच्या बागेत बसणाऱ्या म्हाताऱ्यांना वाटायचा. सगळ्या घरांचं एक व्हावं म्हणून, असं त्या म्हणायच्या. ह्या वेळी तो केक करायची जबाबदारी त्यांनी दर्शनावर टाकली. ती परीक्षाच होती. पुढची बाई कोण, ते त्या संध्याकाळी ठरणार होतं.

दर्शना नवा पंजाबी ड्रेस घालून आली. परात मांडली, प्रत्येकीकडून वाटी घेतली, शेवटी आपला डबा उघडून त्यातला मैदा ओतला. चाळला. दही, साखर, व्हॅनिला सढळ हातानं. एका बाजूनं फिरवलं. ओव्हनचं दार लावलं आणि सगळ्या जणी चहा घेऊन बसलो.

आधी व्हॅनिलाचा वास आला. मग त्याच्या मागून दुसरा.

मला पहिल्यांदा भूक लागली. आजीच्या घरी भाकरी शेकत असताना तव्याच्या कडेला जे काही भाजलं जायचं, तो वास. मग कळलं, आणि लाज वाटली. आणि मग त्या लाजेचाच राग आला. तो वास वाळवलेल्या बारीक कोळंबीचा, जवळ्याचा होता. व्हॅनिलात मुरलेला, गोड, गरम, आणि घरभर पसरत चाललेला.

"हा कसला वास?" सेक्रेटरीच्या बायकोनं कप खाली ठेवला. आम्ही तिला सेक्रेटरीकाकूच म्हणायचो. "गटार तुंबलं का?"

कुणी खिडकी उघडली, कुणी सिलिंडर बघितला. एकीनं पदर नाकाला लावला. हंसाबेन ओव्हनपाशी गेल्या, दार किंचित उघडलं आणि लगेच लावलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला राग वाटलं. दर्शना नंतर म्हणाली, ते भय होतं.

दर्शना एकटी शांत होती. सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होती.

"कसला वास?" तिनं मला हळूच विचारलं. "मला तर नुसता व्हॅनिला येतोय."

तिला खरंच येत नव्हता. ज्या घरात वर्षभर दारात जवळा वाळतो, त्या घरातल्या नाकाला तो वास म्हणजे नुसती हवा. मैदा तिनं आदल्या दिवशीच घासलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात भरून ठेवला होता. साबणानं घासलेल्या, लिंबू चोळलेल्या, उन्हात वाळवलेल्या, आईच्या जवळ्याच्या डब्यात.

मी तिच्या कानात एवढंच म्हणाले, "दर्शू, डबा कुठला?"

तिनं डब्याकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. "आये! वाट लागली!"

"म्हणजे मासे?" सेक्रेटरीकाकू उभ्या राहिल्या. "ह्या किचनमध्ये? हंसाबेन, आमच्या बिल्डिंगमध्ये असले प्रकार चालत नाहीत, तुम्हाला माहीत आहे."

माझी वेळ आली होती. माझ्याकडे सगळं तयार होतं. ही बिल्डिंग ज्या जमिनीवर उभी आहे तिथे आधी कुणाची जाळी वाळत होती, इथपासून सुरुवात करणार होते. मी उठले, बोट वर केलं.

"तू बस गं, लीडर," दर्शना म्हणाली. "केक माझा आहे."

मी बसले. आयुष्यात मला असं कुणी बसवलेलं नाही.

दर्शना हंसाबेनच्या समोर जाऊन उभी राहिली. "डबा आईचा होता, ताई. घासला होता, तरी राहिला वास. चुकलं. डब्याबद्दल माफी मागते. माशांबद्दल नाही मागत हां."

एवढंच. माझ्या पत्रकातला तो लांबलेला तिसरा परिच्छेद ह्यावरच होता.

हंसाबेननी ओव्हन बंद केला. केक बाहेर काढला. काय फुगला होता! त्या क्लासमध्ये तसा केक कुणाचाच झाला नव्हता. बायका नाकाला पदर लावून त्याच्याकडे बघत राहिल्या. दर्शनानं सवयीनं पेर पुढे केलं, टकटक वाजवलं, कान लावला, आणि ह्या वेळी मान हलवली नाही. डोळे पुसले. मी तिला रडताना तेवढंच पाहिलं.

तो केक तिनं गोराईला नेला. दाजीपासून सगळ्यांनी खाल्ला. तिच्या आईनं एक घास घेतला आणि विचारलं, "काय गो, केक केलास का जवल्याची चटणी?"

पुढच्याच आठवड्यात सोसायटीचा निर्णय आला. क्लास चालवायचा तर स्वतः हंसाबेननी चालवावा, बाहेरच्या कुणाला किचन देता येणार नाही. कारण दिलं पार्किंगचं. दर्शना लाँचनं येणारी मुलगी, तिची गाडी कुठून येणार?

मी त्याच दिवशी पत्रक लिहिलं. छोटं, सरळ, एकाही परिच्छेदाला दम न लागणारं. बाबांनी वाचलं आणि लाल पेन्सिल खाली ठेवली. मी ते घेऊन दवाखान्यात गेले. दर्शनानं काउंटरमागे उभ्यानं वाचलं.

"मस्त लिहिलंयस. पण माझं नाव काढ."

"नावाशिवाय ह्याला दात नाहीत, दर्शू! तुझा क्लास गेला. पार्किंगचं कारण देऊन गेला. राग नाही येत तुला?"

"येतो ना."

"मग?"

"मग तो माझा आहे. मला त्याचं काय करायचं ते मी बघते. माझ्या आयेचा डबा मला स्टेशनवर वाटायचा नाहीये." मग माझ्याकडे बघून तिचा आवाज उतरला. "तू लढ. तू बरोबरच आहेस. पण माझ्या केकवरून नको."

माझ्याकडे सगळी वाक्यं होती आणि अपमान तिचा होता. मला त्याचाही हेवा वाटला. माझ्या वाट्याला असा सरळ, धडधडीत अन्याय आला असता तर मी त्याचा झेंडा केला असता. तिनं तो घासायला टाकलेल्या भांड्यांत ठेवून दिला आणि पुढचा पेशंट बोलावला. मी नाव काढलं. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या परवानगीशिवाय त्याचं नाव छापायचं नाही, हे मी बाबांकडून शिकले आहे. ते त्या वेळी जड गेलं.

दिवाळीनंतर दर्शना दवाखाना सोडून आईच्या पाटावर बसली. मी वाट बघत होते की ती आता तरी खचेल. मैत्रिणीबद्दल असं वाटणं बरं नव्हे, पण वाटलं. ती खचली नाही. बाजारातही तिच्यापुढे रांग. पापलेट पेरानं वाजवून देते म्हणे.

आणि एका दुपारी हंसाबेन त्या बाजारात आल्या. पांढऱ्या साडीचा काठ उचलून, नाकाला काही न लावता, ओल्या लाद्यांवरून गुडघे सांभाळत. हे मला दर्शनाच्या आईनं सांगितलं. दर्शना कोयता टाकून उठली.

"क्लास नाही देऊ शकली मी तुला," हंसाबेन म्हणाल्या. "किचन सोसायटीत आहे. पण ओव्हन सोसायटीचा नाही. ओव्हन माझा आहे."

मला हे कळलं तेव्हा मी चिडले. सोसायटीला कुणी काही विचारलं नाही, पार्किंगचा खोटेपणा तसाच राहिला, आणि एका बाईनं आपला ओव्हन देऊन मन हलकं करून घेतलं. मी दर्शनाला तसं म्हणाले. अजूनही म्हणेन. दार बंद होतं ते बंदच आहे.

"मग दार तू उघड," ती म्हणाली. "तेवढं काम तुझ्याकडे. मी सकाळी मासे विकणार, संध्याकाळी केक शिकवणार. डबे वेगळे ठेवीन."

ओव्हन गेला त्या संध्याकाळी मी जेट्टीवर होते. ऊन उतरत होतं, खाडीला ओहोटी, चिखलाचा वास. हंसाबेननी ओव्हन आपल्या जुन्या फुलाफुलांच्या चादरीत गुंडाळून आणला होता. त्या स्वतःही आल्या होत्या. जन्मभर बोरीवलीत राहून ह्या बाईनं खाडी ओलांडलेली नव्हती, पाण्याची भीती म्हणून. पण ओव्हन कुठे ठेवणार ते स्वतः बघायचं होतं. दाजीनं आणि आणखी दोघांनी ओव्हन उचलून लाँचमध्ये मधोमध ठेवला. मग दाजीनं हंसाबेनना हात दिला, आणि लोक सरकले.

लाँच हलली की ओव्हनचं दार चादरीतून उघडायचं. म्हणून हंसाबेन त्याला चिकटून बसल्या, दोन्ही हातांनी दार दाबून, डोळे मिटून. दर्शना शेवटी चढली. अर्थातच चालत.

"लीडर, येतेस?" तिनं ओरडून विचारलं.

माझी त्या संध्याकाळी सभा होती. स्टेशनजवळच्या हॉलमध्ये, घर नाकारलेल्या माणसांची. पिशवीत तेच पत्रक होतं, तिचं नाव काढलेलं.

"सभा आहे!" मी ओरडले.

"मग जा! आणि छोटं बोल!"

दाजीनं दोर सोडला. पाणी फुटलं तशी हंसाबेन किंचाळल्या. दर्शनानं एक हात त्यांच्या खांद्याभोवती टाकला, दुसऱ्या हाताच्या पेरानं ओव्हनवर टकटक केलं आणि कान लावला. मग तिनं हंसाबेनच्या कानात काहीतरी सांगितलं. आणि हंसाबेन, डोळे मिटलेल्या, दार धरलेल्या, घाबरून अर्ध्या झालेल्या हंसाबेन, मोठ्यानं हसल्या. शेजारचे हसले, दाजी हसला. काय सांगितलं ते इंजिनच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.

ती मागे वळून बघेल म्हणून मी थांबले. ती बघणार नव्हती, तिचे दोन्ही हात गुंतलेले होते. चादरीची फुलं बारीक होईपर्यंत मी कठड्याला धरून उभी होते. मग लक्षात आलं की सभेला उशीर झालाय आणि तिथे माझ्यासाठी कुणी थांबणार नाही.

मी पिशवी काखेत मारली आणि धावत सुटले.